36 छातीच्या ब्लाउजचा कागद

सांगलीच्या कापड पेठेतून आणलेला ब्लाउज पीस आणि त्याच्या घडीत गुंडाळलेला एक जुना ब्लाउज, शिवणकाम बहुतेक वेळा अशा जोडीनंच येतं. सोबत एक वाक्य: "ताई, मापाला हा घ्या, फक्त बाही जरा लांब करा." या मापाच्या ब्लाउजवर आमचा अर्धाच विश्वास. धुऊन धुऊन तो उंचीला आटलेला असतो, मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईत, ताणलेला असतो आणि बगलेची माया, म्हणजे काखेखालच्या शिलाईच्या आत ठेवलेलं जादा कापड, एकदा तरी उसवून सैल केलेली असते. त्यावरून नवा बेतला की जुन्याची खोट नव्यात उतरते, आणि पुढच्या वर्षी तोच नवा ब्लाउज मापाला येतो. म्हणून मापाच्या ब्लाउजवरून आम्ही तीनच गोष्टी घेतो: गळ्याची खोली, बाहीची लांबी आणि घालणारीला किती घट्ट चालतं याचा अंदाज. बाकी सगळं माप अंगावरून, आणि ते कापडावर जायच्या आधी कागदावर, म्हणजे कापडावर ठेवून बेतायच्या कागदी नमुन्यावर.

इथे उदाहरणाला चार टक्सचा (टक्स म्हणजे छातीला आकार देणाऱ्या निमुळत्या शिवलेल्या चिमट्या), खाली पट्टा असलेला ब्लाउज घेतला आहे. सातारा-सांगलीकडे नऊवारीवरही तो चालतो आणि सहावारीवरही. एकदा याचा कागद जमला की कटोरी किंवा प्रिन्सेस कट त्यातूनच काढता येतो, कारण टक्स कुठून कुठे वळवायचे एवढाच तो खेळ आहे.

मापं अशी: उंची 14½, छाती 36, छातीखालचा घेर 31, कंबर 30, तीरा (खांद्याची रुंदी) 14, खांद्यापासून टक्स पॉइंट (छातीच्या उभाराचा मधला बिंदू) 9½, दोन टक्स पॉइंटमधलं अंतर 7, दंडाचा वरचा घेर 12, बाहीची लांबी 9, बाहीच्या तोंडाशी दंड 10½, पुढचा गळा 7, मागचा 8. सगळं इंचात. याशिवाय वरच्या छातीचं माप लागतं, ते बहुतेक जण घेत नाहीत. टेप काखेतून, पण पुढून छातीच्या वरून फिरवायची. हे माप पूर्ण छातीपेक्षा साधारण 2 इंचांनी कमी असेल तर नेहमीचं सूत्र चालतं. फरक 3-4 इंचांचा असेल तर पूर्ण छातीवरून काढलेला ब्लाउज छातीवर बसतो, पण खांदा, गळा आणि मुंढा मोठे निघतात. गळा फाकतो आणि दोष मात्र शिलाईला दिला जातो. अशा वेळी वरच्या छातीत 2 मिळवून त्या मापाचा कागद काढायचा आणि छातीपुरती जागा नंतर वाढवायची. ती कशी, ते पुढे येईल.

माप घेताना आतले कपडे रोजच्या वापरातले हवेत. ब्लाउज ज्या ब्रावर घालायचा तीच अंगावर नसेल, तर टक्स पॉइंट इंचभर सुद्धा खाली-वर होतो आणि तो चुकला की चारही टक्स चुकतात.

कागद म्हणून वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद उत्तम. वर्तमानपत्र फुकट मिळतं म्हणून सगळे तेच वापरतात. पहिल्या कच्च्या आखणीला ते ठीक आहे. पण त्याची शाई पांढऱ्या अस्तराला लागते, इस्त्रीची वाफ लागली की जास्तच, आणि अक्षरांच्या गर्दीत पेन्सिलची रेघ दिसत नाही. दुरुस्त्या होऊन कागद पक्का झाला की तो जाड ड्रॉइंग शीटवर उतरवायचा. आखायला सरळ पट्टी, काटकोनासाठी गुण्या आणि गोलाईसाठी फ्रेंच कर्व्ह. फ्रेंच कर्व्ह नसेल तर हातानं काढा, पण वाटी किंवा ताटली ठेवून मुंढा काढू नका. मुंढ्याची गोलाई वर्तुळाचा तुकडा नसते. वरचा अर्धा भाग जवळजवळ सरळ उतरतो आणि खालच्या तिसऱ्या हिश्श्यात झपकन वळतो.

मागचा भाग आधी. कागदाची एक कड म्हणजे पाठीचा मध्य, ती दुमडीवर येणार. वरून 14½ उंची. तीऱ्याचा निम्मा 7. खांद्याचा उतार अर्धा इंच. मुंढ्याची खोली छातीचा सहावा भाग अधिक 1, म्हणजे 7. त्या रेघेवर छातीचा चौथा भाग 9, अधिक पाव इंच सैलपणा, 9¼. कंबरेला चौथा भाग 7½, पाव सैलपणा, पाऊण इंच टक्सचा, मिळून 8½. गळ्याची रुंदी छातीचा बारावा भाग, 3. खोली 8. मुंढ्याची गोलाई खांद्याच्या उभ्या रेघेपासून अर्धा इंच आत घेऊन बगलेपर्यंत.

पुढचा भाग वेगळ्या हिशेबानं चालतो, कारण त्यातले टक्स उंचीही खातात. इथेच सर्वांत जास्त ब्लाउज बिघडतात. मागची उंची तशीच पुढे घेतली की टक्स घातल्यावर पुढचा भाग आखडतो आणि ब्लाउज छातीवरून वर चढतो. आपल्या मापाला पुढच्या भागाची उंची 13 आणि खालचा पट्टा 2½. मुंढ्याची खोली मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त, 7½, कारण तेवढाच अर्धा इंच मुंढ्याचा टक्स खाणार आहे. बगलेची लांबी तपासा: 13 वजा 7½ म्हणजे 5½. त्यातून बगलेच्या टक्सचा अर्धा इंच गेला, राहिले 5. पट्टा 2½ मिळवा, 7½. मागच्या भागाची बगल 14½ वजा 7, म्हणजे तीही 7½. हा ताळा जमल्याशिवाय कात्री उचलायची नाही. पुढच्या मध्यावर 13 अधिक 2½, वजा हुकपट्टीकडच्या टक्सचा अर्धा इंच, म्हणजे 15. मागच्यापेक्षा जो अर्धा इंच जास्त दिसतो तो छातीच्या उभारावरून जाण्यात खर्च होतो.

रुंदीत छातीचा चौथा भाग 9 अधिक अर्धा, 9½. पुढचं-मागचं मिळून अंगावर दीड इंच सैलपणा राहतो, साडीच्या ब्लाउजला तेवढा पुरतो. खालच्या कडेला टक्सची रुंदी दीड इंच. 9½ मधून दीड गेला की 8 उरतात, आणि 31 चा चौथा भाग अधिक पाव इंच, तेही 8. पट्ट्याची वरची कड म्हणून 8, खालची कंबरेच्या हिशेबानं 7¾. मुंढा पुढे 1 इंच आत खोदायचा, मागे अर्धाच होता, कारण हात पुढे येतो तेव्हा काखेसमोरचं कापड मध्ये येतं.

टक्स पॉइंट मध्यापासून 3½ आणि खांद्यावरून 9½. चारही टक्सची टोकं त्याच्याकडे बघतात, पण त्याला भिडत नाहीत, साधारण 1 इंच आधी थांबतात. पॉइंटपर्यंत नेले की तिथे टोचरं टोक उभं राहतं आणि इस्त्रीनंही बसत नाही. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: टक्स आखल्यावर कागद लगेच कडेनं कापू नका. आधी कागदाचा टक्स प्रत्यक्ष दुमडा, टाचणी लावा, टक्सची घडी कापडात ज्या दिशेला पडणार त्याच दिशेला पाडा आणि मग बगल, मुंढा, खालची कड कापा. उघडल्यावर टक्सच्या तोंडाशी छोटं टोक दिसेल. ते टोक हवंच. सरळ कापलं तर टक्स शिवल्यावर तिथे खाच पडते आणि बगलेच्या शिलाईत कापड कमी येतं.

बाही: लांबी 9, गोलाईची उंची 3½, दुमडलेल्या कागदावर रुंदी 6¾, तोंडाशी 10½ अधिक 1, म्हणजे निम्मे 5¾. आता टेप कडेवर उभी धरून पुढच्या-मागच्या मुंढ्याची गोलाई मोजा, मुंढ्याचा टक्स मिटवून. या मापात ती साधारण 15½ ते 16 येते. बाहीची गोलाई त्याहून पाव ते अर्धा इंच जास्त हवी. कमी असेल तर बाही मुंढ्याला खेचते, इंचभर जास्त असेल तर खांद्यावर चुण्या येतात. टेप आडवी ठेवून गोलाई मोजली की माप कमी-जास्त येतंच, म्हणून उभी.

कापण्याआधी जोड तपासायचे. पुढचा आणि मागचा खांदा शिलाईच्या रेघेवर जुळवून ठेवा: गळा आणि मुंढा, दोन्हीकडे रेघ अखंड वाहिली पाहिजे, कोन दिसता कामा नये. पाठीच्या मध्यावर गळा पहिला अर्धा इंच काटकोनात जायला हवा. नाहीतर दुमड उघडल्यावर गोल गळ्याला मध्येच टोक येतं.

माया कागदात धरायची की नाही, यावर शिवणाऱ्यांचे दोन तट आहेत. तयार कपड्यांच्या कारखान्यात माया कागदातच असते, कारण तिथे थप्पीवर एकदम कापायचं असतं. घरच्या आणि दुकानाच्या कामाला आमचं मत स्पष्ट आहे: कागद बिनमायेचा, शिलाईच्या रेघेवर कापलेला. गळा बदलायचा, टक्स सरकवायचा, दोन भाग जुळवून बघायचे, हे सगळं शिलाईच्या रेघेवर होतं. माया कापडावर खडूनं वाढवायची: बगलेला दीड इंच, खांद्याला अर्धा, मुंढ्याला अर्धा, गळ्याला पाव, पट्ट्याच्या जोडाला अर्धा, मागे खाली 1. गळ्याला पावच का, तर गोलाईत जास्त माया आत दुमडली की ताणते आणि मग सगळीकडे काप द्यावे लागतात. बगलेची दीड इंच माया मात्र सोडू नका. पुढे ब्लाउज सैल करायची वेळ येते ती तिथेच.

प्रत्येक तुकड्यावर लिहायचं: कुणाचा, कोणता भाग, छातीचं माप, तारीख, कापडातून किती तुकडे, 'बिनमायेचा' हा शब्द, दुमडीची कड, आणि उभ्या धाग्याची बाण असलेली रेघ. पुढच्या मुंढ्यावर एक खूण, मागच्यावर दोन, बाहीवरही तशाच. या खुणा नसल्या की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात. टक्सच्या टोकावर कागदाला भोक पाडायचं, खडूचं टोक जाईल एवढं.

आता मांजरपाट, म्हणजे साध्या सुती कापडाचा चाचणीचा ब्लाउज. ही पायरी गाळायचा मोह सगळ्यांना होतो. नवीन मापाचा कागद थेट रेशमावर ठेवणं म्हणजे कागद न काढल्यासारखंच. इचलकरंजी शेजारी आहे, साधं सुती कापड आपल्याकडे काही दुर्मिळ नाही. मीटरभर मांजरपाट घ्या, भिजवून वाळवून इस्त्री करा. मशीनवर मोठा टाका ठेवा, गळा आणि बाहीचं तोंड दुमडू नका, पुढची उघडी बाजू टाचण्यांनी बंद करा. शिलाईच्या रेघा मांजरपाटावर बॉलपेननं आखलेल्या राहू द्या, म्हणजे अंगावर घातल्यावर कुठली रेघ कुठे सरकली ते दिसतं. घालणारीला हात वर करायला, पुढे घ्यायला, खाली बसायला सांगा. आरशासमोर ताठ उभं राहून सगळेच ब्लाउज चांगले दिसतात.

सुरकुत्या वाचायच्या असतात. जिथून सुरकुती निघते तिथे कापड कमी आहे, आणि आडवा झोल पडतो तिथे उंची जास्त आहे. मानेखाली पाठीवर आडवा झोल आला तर तो अंगावरच चिमटीत धरून टाचा, मोजा, आणि कागदावर त्याच जागी तेवढीच आडवी घडी घाला. मध्यावर जास्त आणि मुंढ्याकडे शून्य होत जाणारी घडी असेल तर मुंढ्याचं माप हलत नाही. पुढचा गळा फाकत असेल तर गळ्याच्या कडेला चिमटी घ्या, बहुधा पाव ते अर्धा इंच निघतो. कागदावर गळ्यापासून टक्स पॉइंटपर्यंत तेवढी निमुळती घडी घाला. कागद सपाट राहणार नाही. तो सपाट करायला खालच्या टक्सच्या रेघेवर कापावं लागतं, तिथे फट उघडते. ती फट म्हणजे टक्स तेवढा मोठा झाला. गळ्यातलं जादा कापड टक्समध्ये गेलं, छातीचं माप तेच राहिलं.

खांदा घसरत असेल तर तीरा कमी करायची घाई नको. बहुतेक वेळा गळ्याची रुंदी जास्त झालेली असते, विशेषतः मागचा गळा 9-10 पर्यंत खोल असेल तेव्हा. गळा मानेकडून पाव ते अर्धा इंच अरुंद करा. खोल गळ्याला दोरी लागते ती शोभेपेक्षा खांदे जागेवर ठेवायला.

हात वर केल्यावर सगळा ब्लाउज वर येतो, ही सर्वांत जुनी तक्रार. उपाय म्हणून मुंढा आणखी खोदला जातो, आणि ब्लाउज आणखी वर येतो. कारण असं: मुंढा जितका खाली, तितकी बाही ब्लाउजच्या अंगाला खालून बांधलेली. हात उचलला की ती बगलेसकट वर खेचते. म्हणून मुंढा अर्धा इंच वर आणायचा, काखेच्या जवळ, आणि बाहीच्या गोलाईची उंची 3½ वरून 3 करून रुंदी वाढवायची. गोलाईची लांबी पुन्हा मोजून मुंढ्याशी जुळवायची. मुंढा खरंच काचत असेल, म्हणजे काखेत लाल वळ उठत असेल, तर पुढून काखेच्या बाजूला एक सूत खोदा, खालून नव्हे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, टेपवर सर्वांत लहान दिसणारी रेघ नव्हे, तिच्या दुप्पट.

छातीला जागा कमी पडत असेल तर हुकांमध्ये फटी दिसतात आणि टक्स पॉइंटकडून काखेकडे तिरक्या रेघा ओढलेल्या दिसतात. इथे बगल सैल करून काही होत नाही, पाठच ढगळ होते. पुढच्या भागाचा कागद घ्या. खालच्या टक्सच्या मधोमध वर कापत टक्स पॉइंटपर्यंत या, तिथून मुंढ्याकडे वळा आणि मुंढ्याच्या शिलाईरेघेपाशी सुताएवढा कागद बिजागरीसारखा जोडलेला ठेवा. दुसरा काप बगलेच्या टक्समधून पॉइंटपर्यंत, तिथेही थोडा जोड ठेवून. आता बगलेकडचा तुकडा टक्स पॉइंटवर अर्धा इंच बाहेर सरकवा. खालचा टक्स रुंद होतो, बगलेचाही रुंद होतो, आणि मध्याकडचा भाग आता बगलेपेक्षा आखूड दिसतो. मध्याचा खालचा तुकडा आडवा कापून तेवढाच खाली उतरवायचा. फटींखाली दुसरा कागद लावून चिकटवा. प्रत्येक बाजूला अर्धा म्हणजे छातीत एकूण 1 इंच वाढला, उंचीही वाढली, आणि गळा, खांदा, पाठ जागच्या जागी राहिली. वरच्या छातीवरून कागद काढला असेल तर त्याला हीच पायरी लागते.

प्रत्येक दुरुस्ती मांजरपाटावरून कागदावर त्याच दिवशी उतरवायची. नेहमी होतं ते असं की कापडावर दुरुस्त करतात, ब्लाउज छान बसतो, आणि कागद जुनाच राहतो. पुढचा ब्लाउज पुन्हा त्याच तक्रारीसकट जन्माला येतो. कागदाची किंमत पहिल्या सूत्रात फारशी नाही. सूत्र कुणाचंही घ्या, ते सरासरी अंगाचं असतं.

बेतायच्या आधी कापड. सुती अस्तर पाण्यात तासभर तरी पूर्ण भिजवा, सावलीत वाळवा, ओलसर असताना उभ्या धाग्याच्या दिशेनं इस्त्री करा. सुती कापड 3 ते 5 टक्के आटू शकतं. 14½ इंचाला 4 टक्के म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त. वरचं कापड रेशमी आणि अस्तर न भिजवलेलं, मग पहिल्या धुण्यात अस्तर आखडून वरचं फुगतं. रेशमी कापड आणि जरीकाठाचा खण भिजवत नाही, फक्त कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर रंग उतरतो का ते बघतो.

उभा धागा काठाला समांतर असतो. कागदावरच्या बाणाचं वरचं टोक काठापासून 8 इंचांवर असेल तर खालचंही 8 वरच हवं, टेपनं मोजून. अंदाजानं ठेवलं की अर्धा इंच सहज वाकडं जातं. ब्लाउजमध्ये त्याचा त्रास थोडा, पण कुर्त्यात बगलेची शिलाई फिरून पोटावर येते. कापलेल्या पीसची आडवी कड सरळ आहे असं धरू नका. एक आडवा धागा ओढून काढा, त्या रेघेवर कापा.

साडीतला ब्लाउज पीस बहुधा 80 सेंटिमीटरचा, म्हणजे साडेएकतीस इंच. 44 पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) या मापाचा ब्लाउज त्यात बसतो, पण आधी सगळे कागद मांडून बघा, एकही न कापता. बाही काठावर, कारण काठ बाहीच्या तोंडाशी हवा. मग मागचा दुमडीवर, मग पुढचे, उरलेल्यात पट्टे. पट्ट्याला उभा धागा आडवा गेला तरी चालतं, शिवाय अस्तर असतंच. गळ्याच्या तिरक्या पट्टीला 45 अंशात सव्वा इंच रुंदीचं कापड ठेवायला विसरलं तर ती उरलेल्या चिंध्यांतून तीन-चार जोड देऊन करावी लागते आणि जोड गळ्यावर टोचतात. 36 पन्ह्याचं टू बाय टू (ब्लाउजचं सुती कापड) असेल तर 1 मीटर घ्या.

खणाचं गणित वेगळं. पारंपरिक खणाचा पन्हा अरुंद आणि काठ दोन्हीकडे. सगळ्या भागांना काठ पुरत नाही, त्यामुळे काठ बाहीला जाणार की पाठीला, हे कागद मांडताना ठरवावं लागतं. खणाची बुट्टी लहान असली तरी रांगेत असते. पाठीचा मध्य दोन रांगांच्या बरोबर मधे किंवा बरोबर एका रांगेवर घ्या, अधलंमधलं दिसतं. अर्धा कागद दुमडीवर ठेवण्यापेक्षा खणाला आणि सरकणाऱ्या रेशमाला पाठीचा पूर्ण कागद करून एकेरी कापडावर ठेवणं बरं. टाचण्यांची भोकं रेशमात राहतात, म्हणून कडेला मायेतच टाचा किंवा कागदावर तराजूची वजनं ठेवा. पुढचे दोन भाग एकेरी कापडावर कापताना दुसऱ्या वेळी कागद उलटा करायचा. नाही केला तर दोन उजवे भाग हातात येतात आणि कापड संपलेलं असतं. कागदाची कात्री वेगळी, कापडाची वेगळी, यावर घरात भांडण झालं तरी चालेल.

इंटरनेटवरून घेतलेल्या तयार पॅटर्नबद्दल थोडं. कागदी पॅटर्न मापामापांत मिळायला लागले ते अमेरिकेत 1863 मध्ये, एबेनेझर बटरिक या शिंप्यानं सुरू केल्यावर. जर्मनीचं बुर्डा मासिक 1950 चं. हे पॅटर्न त्यांच्या पद्धतीनं वाचावे लागतात. अमेरिकन पॅटर्नमध्ये सहसा पाच सूत, म्हणजे 1.5 सेंटिमीटर माया आधीच धरलेली असते. बुर्डा मासिकातल्या पॅटर्नमध्ये ती नसते आणि एकाच तक्त्यावर अनेक मापांच्या रेघा एकमेकींवरून जातात, त्यामुळे आपलं माप रंगीत पेननं गिरवून वेगळ्या कागदावर उतरवावं लागतं. कपड्याचा नंबर बघू नका, तक्त्यातली अंगाची मापं बघा. त्यांच्या अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यातही छातीला 2½-3 इंच सैलपणा असतो. साडीच्या ब्लाउजला तो ढगळ वाटतो.

पीडीएफ असेल तर झेरॉक्सच्या दुकानात 'पानात बसवा' हा पर्याय बंद करून 100 टक्क्यांवर छापायला सांगा. आधी एकच पान काढा, ज्यावर तपासणीचा चौकोन असतो ते. 10 सेंटिमीटरचा चौकोन 9.7 भरला तर 36 ची छाती 35 च्याही आत येते, आणि हे पंचवीस पानं चिकटवून झाल्यावर कळलं तर काही उपयोग नाही. जिथे घरांचे नकाशे छापतात तिथे मोठ्या कागदावर एकसंध निघतो, चिकटवायची कटकट वाचते.

एका कागदावरून दुसरं माप काढायचं तर 36 चं 38 करताना चौथ्या भागाला अर्धा इंच वाढतो. तो सगळा बगलेत ढकलायचा नाही. बगलेत पाव, तीऱ्यात एक सूत, मुंढ्याच्या रुंदीत एक सूत. खोलीला एक सूत. बाहीची गोलाई पुन्हा मोजायचीच. दोन मापांपेक्षा जास्त उडी असेल तर नव्यानं आखलेलं बरं, वाढवत नेलेल्या कागदाचा गळा आणि खांदा हळूहळू माणसाचा राहत नाही.

पक्का झालेला कागद घड्या घालून ठेवू नका. घडीवर तो सुतानं आखूड होतो आणि तिथेच फाटतो. वरच्या कोपऱ्यात भोक पाडून एका ग्राहकाचे सगळे तुकडे एका दोऱ्यात ओवून खिळ्याला टांगायचे. जावळी-महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळ्यात कागद ओल धरतो, फुगतो, कडा वळतात, तिथे प्लॅस्टिकच्या नळीत गुंडाळून ठेवतात. जत-आटपाडीकडे हा प्रश्न नाही, तिथे कसर आणि झुरळं. डिंकानं चिकटवलेल्या दुरुस्तीच्या पट्ट्या झुरळं आधी खातात, म्हणून त्या सेलोटेपनं लावलेल्या बऱ्या. जुना कागद पुन्हा वापरण्याआधी उंची, छाती आणि मुंढा टेपनं मोजून वर लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघायचा. अंग बदललं असेल तर त्यावरच खाडाखोड न करता नवीन कागदावर उतरवून तारीख घालायची, जुना मागे तसाच ओवलेला ठेवायचा. बाळंतपणानंतर वर्षभरानं तोच परत लागतो.